देवरेकाकांचा लाल टॅग

देवरेकाका कुठेही गेले की आधी अंगठ्याचं नख फिरवायचे. टेबलाच्या कडेवरून, स्टीलच्या पेल्याच्या काठावरून, दाराच्या चौकटीवरून. एकदा तर आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी त्यांच्यासाठी आणलेल्या शालीच्या काठावरूनसुद्धा. नख अडकलं की ते थांबायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "इथं राहिलंय." काय राहिलंय ते सांगायचे नाहीत. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला ते सांगायची गरज वाटत नसावी. माझ्या टेबलाला चार ठिकाणी राहिलं होतं. त्या टेबलाशी मी अकरा वर्षं बसत होते आणि मला कधी काही टोचलं नव्हतं. त्या दिवसापासून मात्र रोज टोचायला लागलं.

मी नाशिकमधल्या एका लहानशा वाचनालयाचा कुमार विभाग सांभाळते. कुमारांसाठी म्हणून आमच्याकडे जी पुस्तकं येतात, त्यांत चार मित्र आणि एक कुत्रा मिळून चोर पकडतात आणि शेवटी सगळे भेळ खातात. त्या रांगेत 'सव्वाबाराचं ऊन' ही कादंबरी आली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चुकून मोठ्यांचं पुस्तक इकडे ठेवलंय. नायिका सोळा वर्षांची रेवा. तिची मैत्रीण फुलांची करंडी सायकलला बांधून बाजाराकडे निघालेली असते आणि भर चौकात एक गाडी तिला उडवून निघून जाते. गाडी कुणाची हे सगळ्या गावाला माहीत असतं, वाचणाऱ्यालाही सहाव्या पानावर कळतं. रेवाला शोधायचं असतं ते वेगळंच. हे पाहिलं कुणी? ती रसवंतीवाल्याकडे जाते, औषधाच्या दुकानात जाते, शाळेतल्या सरांकडे जाते. सगळे तिच्याशी गोड बोलतात, तिला पाणी देतात आणि खोटं सांगतात. रहस्यकथा म्हटली की अंधार आलाच, पण या पुस्तकात एकही रात्र नव्हती. जे काही घडतं ते लख्ख दुपारी, आणि माणसं डोळ्यांवर हात धरून उभी.

पोरांनी त्या प्रतीचा फडशा पाडला. बांधणी दोनदा सुटली. पण एक तक्रार सारखी यायची. नववीतली सानिका पुस्तक परत करताना म्हणाली, "मॅडम, बाइंडिंगवाल्याने शेवटी दुसऱ्याच पुस्तकाची पानं लावलीत का?" मी पृष्ठांक तपासले, बरोबर होते. पण तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. अकरा प्रकरणं श्वास रोखायला लावणारी, आणि नंतरची तीन म्हणजे कार्यालयीन टिपणं. अचानक एक परगावचा व्यापारी उगवतो, तोच साक्षीदार निघतो, रेवाचे वडील तिच्या डोक्यावर हात ठेवतात आणि सगळं मिटतं. मुखपृष्ठावर नाव होतं, विनायक देवरे. मी प्रकाशकाकडून फोन नंबर मिळवला आणि त्यांना मुलांशी गप्पा मारायला बोलावलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"अकराला, रविवारी."

"बाराच्या आत संपवा. बारा ते एक मी बाहेर नसतो."

मला वाटलं, उन्हाचा त्रास असेल.

ते आले. पांढरा शर्ट, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. ते चार मिनिटं बोलले, त्यातली दोन मुलांना शांत बसल्याबद्दल आभार मानण्यात गेली. मग प्रश्नोत्तरं. सानिका उठलीच. मी डोळे वटारले, पण ही पोर कुणाला ऐकते?

"सर, शेवटची तीन प्रकरणं कुणी लिहिली?"

"मी."

"आणि आधीची अकरा?"

काकांचं नख समोरच्या टेबलाच्या कडेवर फिरत होतं, ते थांबलं. अध्यक्षांनी समारोपासाठी घसा खाकरला. तेव्हा काका म्हणाले, "माझ्या मुलीनं. तीन माझी आहेत. बिघडलेली तीच आहेत." मग घड्याळात पाहिलं, "बाराला पाच कमी आहेत," म्हणाले आणि थेट आमच्या आतल्या खोलीत जाऊन बसले. शाल माझ्या हातातच राहिली.

मी त्यांच्यासाठी पोह्यांची बशी घेऊन आत गेले. खरं सांगते, मला राग आला होता. पोरीचं लिखाण स्वतःच्या नावावर छापून वर पोरांसमोर कबूल करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर त्यांनी खिशातून लाल पुठ्ठ्याचा, तारेचा वेढा असलेला एक टॅग काढून माझ्यासमोर ठेवला.

कारखान्यात नापास झालेला भाग फेकून देत नसत, काका सांगू लागले. त्याला तारेनं टॅग बांधायचा, टॅगच्या मागे कारण लिहायचं, आपल्या हातानं, आणि सही करायची. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे पुन्हा काम करून आण, लाल म्हणजे विषय संपला. असे जुने टॅग त्यांच्या घरी असायचे आणि घरात त्याचा खेळ झाला होता. काकूंच्या जळक्या पोळीला पिवळा, इस्त्रीच्या सुटलेल्या वायरीला लाल. एकुलती एक लेक पल्लवी, तिच्या चित्रांना हिरवा मिळाला की ती तो दप्तराला लावून शाळेत जायची. बारावीत असताना तिनं एक दोनशे पानी वही भरून गोष्ट लिहिली आणि त्यांच्या वाढदिवसाला दिली. काकांनी ती एका बैठकीत वाचली आणि तिला लाल टॅग बांधला.

टॅगच्या मागे त्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: "बाप असा नसतो."

पल्लवीनं शेवटची पानं फाडून घेतली, टॅग सोडवून घेतला आणि उरलेली वही त्यांच्या कपाटात ठेवून दिली. बारावीनंतर ती पुण्याला शिकायला गेली, तिथून बेंगळुरूला नोकरीला. आईशी बोलते, दर शुक्रवारी. वडिलांशी अठरा वर्षांत एक शब्द नाही.

"आणि तुम्ही ती वही छापलीत," मी म्हटलं. "तुमच्या नावावर."

"शिक्का कुणाचा असतो?" काका म्हणाले. "ज्यानं तासला त्याचं नाव नसतं पार्टवर. तपासणाऱ्याचा शिक्का असतो. उद्या काही झालं तर जबाबदार मी. तेवढंच म्हणायचं होतं मला. मी नापास केलं होतं, आता मीच पास करतोय, असं." मग म्हणाले, "ती खूश होईल असं वाटलं होतं हो."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हा माणूस खरं बोलत होता. चौथीतल्या पोराला कळली असती ती गोष्ट त्यांना चार वर्षांपूर्वी, पुस्तक छापताना, कळली नव्हती. काकूंनी एक प्रत पल्लवीला पाठवली. आठव्या दिवशी ती कुरिअरनं परत आली आणि तिला तोच जुना लाल टॅग बांधलेला होता. काकांच्या ओळीखाली निळ्या शाईत एकच शब्द वाढवला होता: "असतो."

"हे काय आहे काका? कसला बाप?"

त्यांनी पोह्यांचा घास घेतला. "मीठ बरोबर आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून 'छान' हा शब्द कधी बाहेर पडला नाही. फार झालं तर 'चालेल'.

जाताना त्यांनी मला एक काम सांगितलं. डोळ्यांत काचबिंदू होता. समोरचं तेवढं दिसायचं, तेही जाळीतून बघितल्यासारखं, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलेलंही जाणार आहे. त्याआधी त्यांना ती वही पहिल्यापासून ऐकायची होती. छापताना प्रेसच्या सोयीसाठी कुठे काय बदललं ते शोधायचं, सगळं मूळ होतं तसं करायचं आणि दुसरी आवृत्ती पल्लवीच्या नावानं काढायची. "तिनं एकदा म्हणावं, आता बरोबर आहे. बस. बाकी काही मागत नाही मी."

शुक्रवारी आमच्या वाचनालयाला सुट्टी, म्हणून मी शुक्रवारी दुपारी आडगाव नाक्यापलीकडे त्यांच्या घरी जायला लागले. घर असं की रांगोळीसुद्धा पट्टीनं काढलेली. काकू देवळ्याकडच्या, बोलायला मोकळ्या. मला दारातच म्हणाल्या, "ताई, या माणसाशी संसार म्हणजे रोजची परीक्षा. पण वाईट नाय हो. फक्त लय सरळ हाय, अन् एकदाच वाकला." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

साडेपाचला स्वयंपाकघरात फोन वाजायचा. काकू पोळ्या करत असायच्या, म्हणून फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजावर लावायच्या. पल्लवी आईला बीपीच्या गोळ्या विचारायची, पाऊसपाणी विचारायची. बाहेरच्या खोलीत काका मला हातानं खूण करायचे, थांबा. मी वाचणं थांबवायची. लेकीचा आवाज भिंतीआडून यायचा आणि ते खुर्चीच्या हातावर नख न फिरवता, अगदी स्थिर बसायचे. वडिलांचं नाव एकदाही निघायचं नाही. फोन बंद झाला की म्हणायचे, "हां. कुठं होतो आपण?"

एकदा मी सातवं प्रकरण वाचत होते. रेवा चौकात उभी राहून कोण कुठे होतं ते आठवतेय. मी वाचलं, "कोपऱ्यात राखाडी स्कूटरवर एक माणूस होता."

"निळी," काका म्हणाले.

"काय?"

"स्कूटर निळी होती. तिनं मुद्दाम राखाडी लिहिलीय."

मी वही खाली ठेवली. तो स्कूटरवाला माणूस मी पुस्तकात चार-पाच ठिकाणी वाचला होता आणि कधी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. तो काही बोलत नाही, नुसता प्रसंगाच्या कडेला असतो. काका बोलायला लागले. आवाज चढला नाही, पडला नाही.

पल्लवीची वर्गमैत्रीण नीता, मखमलाबादकडच्या फुलशेतीवाल्यांची. बारावीचं वर्ष. त्या दिवशी काका रजेवर होते आणि पल्लवीला क्लासहून स्कूटरवर घरी आणत होते. सव्वाबाराला द्वारकेच्या चौकात नीताला त्या गाडीनं उडवलं, यांच्यापासून पंधरा पावलांवर. पल्लवी मागे बसली होती, तिनं तोंड वडिलांच्या पाठीत लपवलं होतं, तिला नंबर दिसला नाही. काकांना दिसला. आयुष्यभर आकडे वाचणारा माणूस, त्याला न दिसून कसं चालेल? पण गाडी कुणा बड्या माणसाची हेही त्यांना दिसलं होतं. चौकशीला आलेल्या पोलिसांना त्यांनी सांगितलं, "ऊन डोळ्यावर होतं. मला काही दिसलं नाही." पल्लवी शेजारी उभी होती.

"पोरीची परीक्षा होती," काका म्हणाले. "घरात तरुण मुलगी. त्या लोकांचा काय नेम? असं म्हटलं मनाशी. अजूनही म्हणतो कधीकधी. नीता तिसऱ्या दिवशी गेली."

पल्लवीनं तेव्हा भांडण केलं नाही. तिनं गोष्ट लिहिली. तिच्या शेवटच्या प्रकरणात रेवाला कळतं की तो स्कूटरवाला तिचा बाप आहे. त्या पानांवर तिनं आपल्या वडिलांना खरं सांगायची एक संधी दिली होती, आणि त्यांनी त्याला लाल टॅग बांधला. मला त्यांची चीड आली आणि त्याच वेळी पाणी विचारावंसंही वाटलं. मी पाणी आणून दिलं.

"लोक म्हणतील डोळे गेले ते शिक्षा म्हणून," पेला खाली ठेवत ते म्हणाले. "तसं काही नाही. आमच्या घराण्यात आहे काचबिंदू."

त्यांनी नंतर सगळं करून पाहिलं होतं. नीताच्या आईवडिलांना शोधलं, तर ते जमीन विकून कधीच निघून गेले होते, कुठे ते कुणाला सांगता आलं नाही. चौकीत जाऊन जबाब द्यायचा म्हटला, तर तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "काका, इतकी वर्षं झाली. तो गाडीवालाही वारला. आता कुणावर कारवाई करू मी?" नंबर तेवढा काकांकडे राहिला होता आणि तो घ्यायला कुणी उरलं नव्हतं. बारा ते एक हा माणूस घराबाहेर का पडत नाही आणि रिक्षावाल्याला द्वारका टाळून लांबून का न्यायला लावतो, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या आवृत्तीचं जमेना. प्रकाशक म्हणाले, पहिलीच्या प्रती अजून पडून आहेत, आणि शेवट नसलेलं पुस्तक कोण छापतं? तेव्हा काकांनी स्वतः चिठ्ठ्या छापून आणल्या. अरुंद पांढऱ्या पट्ट्या, त्यावर 'पल्लवी देवरे'. मुखपृष्ठावरच्या आपल्या नावावर डकवायच्या. जिथे जिथे प्रत गेलीय तिथे जाऊन. आमच्या वाचनालयापासून सुरुवात झाली, मग ओझरच्या कॉलनीतलं वाचनालय, मग एसटीनं देवळा. देवळ्याच्या ग्रंथपालांनी आम्हाला अडवलं.

"असं काही चिकटवता येणार नाही. संस्थेची मालमत्ता हाय ही."

"मी लेखक आहे याचा," काका म्हणाले.

"मग स्वतःचंच नाव का झाकताय?"

"कारण मी लेखक नाही."

ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, एक काहीतरी ठरवा, मग या." शेवटी मी ओळखपत्र दाखवलं, रजिस्टरात लेखी अर्ज दिला, तेव्हा कुठे एका प्रतीला हात लावू दिला. परतीच्या एसटीत मला हसू आवरेना. काकाही हसले, दात न दाखवता. तेवढं एकदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

पण देवळ्याची ती पट्टी तिरकी बसली होती. चांगली बोटभर तिरकी, 'विनायक'मधला 'वि' बाहेर डोकावत राहिलेला. काकांना दिसलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं, "सरळ आहे ना?" आणि मी म्हटलं होतं, "अगदी." इतकं कोण बघतं, असं मला वाटलं. ओझरलाही तसंच झालं होतं. पुढच्या सोमवारी ते आमच्या वाचनालयात आले, स्वतः लावलेली आमची प्रत मागून घेतली आणि पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं. मग पुस्तकाच्या कडेवरून. मग पुन्हा पट्टीवरून.

"देवळ्याची पण अशीच?"

मी रजिस्टर पुढे ओढलं.

"तुला दिसत होतं," काका म्हणाले. आजवर मला अहोजाहो करणारा माणूस. "मला विचारल्यावर तू दिसत असून सरळ म्हणालीस. का?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मी पण तेच केलं होतं. पोरीला त्रास होऊ नये म्हणून."

ते उठून गेले. मी त्या दिवशी कपाटामागे जाऊन रडले, सांगायला लाज कसली. पुढच्या शुक्रवारी जायला पाय उचलेनात, पण गेले. त्यांनी दार उघडलं आणि मी बोलायच्या आधीच म्हणाले, "परत विचारलं तर खरं सांगायचं. कबूल?"

"कबूल."

दिवाळीनंतर उजवा डोळा पूर्ण गेला आणि डाव्यात फक्त उजेड उरला. काकूंनी पल्लवीला सांगायचं म्हटलं, तर काकांनी शपथ घातली. "आंधळा झालाय म्हणून माफ करेल ती. तसलं पास होणं नको मला. त्याला आमच्यात खोटा हिरवा म्हणायचे." काकू चिडल्या, भांडी आपटली, पण सांगितलं नाही. दर शुक्रवारी "बाकी सगळं ठीक" म्हणत राहिल्या. पोळी तव्यावर करपत असायची.

मग काकांनी ठरवलं की शेवटचं प्रकरण आपण लिहायचं. गोष्टीतलं नव्हे. त्या दिवशी सव्वाबाराला आपल्याला काय दिसलं, ते. जबाब घ्यायला कुणी नसेल तर पल्लवीला द्यायचा. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. ते ऐकेनात. "कारण स्वतःच्या हातानं लिहायचं असतं. नाहीतर टॅग बाद." तीन आठवडे ते लिहीत होते. डाव्या हातानं पट्टी धरून, उजव्या हातानं त्या आधारानं ओळ ओढत. मी येऊन बसायची, तरी ते मला कागदाकडे बघू द्यायचे नाहीत. काकू आतून बघून जायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या.

एका शुक्रवारी त्यांनी नऊ कागद माझ्यासमोर ठेवले. "झालं. वाचता येतंय ना?"

मी पहिला कागद उचलला. पट्टी सरकली नव्हती. किंवा सरकली होती ती वर. ओळीवर ओळ, तिच्यावर अजून एक ओळ, सगळ्या पानाच्या मधोमध शाईचा एक काळा पट्टा आणि वरखाली कोरा कागद. दुसरा तसाच, तिसराही. सातव्या कागदावर तर पेनातली शाई संपली होती आणि नुसतेच ओरखडे उठले होते. तीन आठवडे. कबूल केलं नसतं तर मी त्या क्षणी शंभर टक्के खोटं बोलले असते.

"नाही काका," मी म्हटलं. "ओळींवर ओळी चढल्यात. एक शब्द लागत नाही."

त्यांचा हात टेबलाच्या कडेवर गेला. आतून काकूंचं लाटणं थांबलं.

"मी आता लिहून घेते," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. स्वच्छ प्रत पाठवू. तिला काही कळणार नाही."

"तेच तर," काका म्हणाले. "तिला कळणार नाही, कळणार नाही, असं करतच इथवर आलो." कागद चाचपून माझ्याकडे सरकवले. "असंच पाठव. कळू दे."

मग त्यांनी खिशातून तो लाल टॅग काढला. त्यांच्या ओळीखाली आणि पल्लवीच्या शब्दाखाली जागा होती, तिथे माझ्याकडून आपलं बोट ठेवून घेतलं आणि बोटाच्या आधारानं तीन शब्द लिहिले. ते वेडेवाकडे होते, एक दुसऱ्याला टेकलेला, पण वाचता येत होते: "मला दिसलं होतं." तार त्यांनी स्वतः पिळली. मी ते पाकीट दुसऱ्या दिवशी कुरिअरला दिलं.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम उशिरा गेले, तरी साडेपाच व्हायचेच होते. फोन वाजला. काकांनी मला खूण केली नाही, कारण मी काही वाचत नव्हते.

आतून नेहमीसारखं गोळ्यांचं बोलणं आलं नाही. मग पल्लवी म्हणाली, "आई, ते पाकीट मिळालं."

"हां."

"सगळं एकावर एक लिहिलंय. मी दोन दिवस बघतेय. टॅगवरचं तेवढं लागलं." "आई, त्यांना दिसत नाही का?"

काकू फोन घेऊन दारात आल्या. हाताला पीठ होतं, ते फोनलाही लागलेलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांना शपथ घातलेली होती.

"खरं सांग," काका म्हणाले.

"नाय दिसत गं," काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

मला वाटलं, फोन कापला गेला. मग आवाज आला, इतका बारीक की काकूंनी फोन पुढे धरला. "मग त्यांना विचार ना. काय दिसलं होतं?"

काकूंनी फोन टेबलावर काकांसमोर ठेवला. काकांनी हात पुढे केला, चाचपडून तो शोधला आणि त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"गाडी पांढरी होती," ते म्हणाले. "आम्ही उजव्या बाजूला होतो. तू मागे होतीस." आणि मग त्यांनी नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा, अठरा वर्षांत कधीही न विसरलेला.

फोनमधून काही आवाज येत नव्हता, पण त्याचा दिवा लागलेलाच होता. काकांनी नंबर पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला. मी चपला हातात घेतल्या आणि पायऱ्यांवर जाऊन घातल्या.